म्हाळसाबाईच्या गोष्टीचं शेवटचं वाक्य

आमच्या थोरल्या जाऊबाई, साधनाताई, दौंड स्टेशनवर इन्क्वायरीच्या खिडकीत होत्या. जुन्या प्रवाशांना त्यांचा चेहरा आठवणार नाही, पण आवाज आठवेल. अमुक गाडी तमुक फलाटावर येत आहे, आणि उशिराबद्दल आम्ही दिलगीर आहोत, हे तीन भाषांत सांगणारा आवाज त्यांचाच. माझे थोरले दीर लोको शेडला होते. ते अकाली गेले तेव्हा ताईंना ही नोकरी मिळाली आणि दोन लहान मुलींना घेऊन त्यांनी ती निभावली. कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्यांच्या जागी मी असते तर 'गाडी लेट का?' म्हणून ओरडणाऱ्या पहिल्याच माणसाला खिडकीबाहेर येऊन उत्तर दिलं असतं.

ताई २००६ साली रिटायर झाल्या आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या चर्चला वेबसाइटचं वेड लागलं. पाळकसाहेबांचे मेहुणे पप्पू सणसवाडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होते. चाळिशीचा, टक्कल पडलेला माणूस, पण सगळं दौंड त्यांना पप्पूच म्हणतं. त्यांनी वेबसाइट उभी केली आणि मग लक्षात आलं की तिच्यावर टाकायला काहीच नाही. उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या मंडळीतल्या माणसांच्या गोष्टी टाकू या. कोण फिरून लिहून आणेल?" सगळी मंडळी एकदम आपापल्या चपला शोधायला लागली. हात वर झाला तो एकट्या ताईंचा.

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, "ताई, कशाला या लष्कराच्या भाकऱ्या? आता कुठं जरा पाय लांबवायचे दिवस आलेत."

"सुवार्ता," ताई म्हणाल्या, "मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहून दिलेलं बोलत आले. आता जरा माणसांचं ऐकते."

आणि एकट्या जायला नको म्हणून मला बरोबर घेतलं. म्हणजे भाकऱ्या त्यांच्या आणि चटके मला.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायची सवय आम्हाला लहानपणापासूनची. त्यामुळं 'तुमची गोष्ट सांगा' म्हटलं की माणूस घसा खाकरतो, छातीवर हात ठेवतो आणि सुरू होतो: मी पापी होतो, अंधारात चाचपडत होतो, प्रभूनं मला हाताला धरून बाहेर काढलं. संपलं. दानिएल मिस्त्री असोत, नाहीतर हॉस्पिटलातली नर्स असो, सगळे एकाच अंधारातून एकाच वाक्यात बाहेर येणार. दहा घरं फिरल्यावर मी वैतागून म्हटलं, "ताई, ह्या तुमच्या अनाउन्समेंटच झाल्या की. फक्त गाडीचा नंबर बदलतो."

ताई हसल्या, पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं. पुढं हंगामाचा सण आला. त्या दिवशी जो तो आपल्या रानातलं, परसातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून ठेवतो आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. दानिएल मिस्त्री दर वर्षी एक दुध्या भोपळा आणायचे. ताईंनी त्यांना गोष्ट विचारलीच नाही. नुसतं विचारलं, "मिस्त्री, हा भोपळा कुठला?" आणि मिस्त्री बोलायला लागले. हा वेल बायकोनं क्वार्टरच्या मागं लावला होता. ती जाऊन किती वर्षं झाली, पण दर पावसाळ्यात वेल आपला आपण उगवतो. पहिला भोपळा घरात शिजवायचा नाही, असं तिनंच ठरवलं होतं. बोलता बोलता मिस्त्री भोपळ्यावरची माती अंगठ्यानं पुसत होते. त्यात ना पाप होतं ना अंधार, पण मला रडू आलं. मला, म्हणजे बघा.

तेव्हापासून ताई एवढंच विचारायच्या: लिलावाला काय आणता, आणि का आणता? माणसं भडाभडा बोलायची. ताई घरी येऊन सुवाच्य अक्षरात लिहायच्या, पप्पू रविवारी टाइप करायचे. पाळकसाहेबांनाही गोष्टी आवडल्या. माणूस सज्जन, फक्त घाबरट. ते एकदा हळूच म्हणाले, "ताई, लिहिता छान, पण चर्चची वेबसाइट आहे. शेवट जरा मंडळीला शोभेल असा करत जा." झालं. ताई प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक वाक्य जोडायला लागल्या. 'प्रभूने त्यांचे जीवन बदलले.' लिहिता लिहिता हात आपोआप ते वाक्य लिहायचा आणि मग पेनाला टोपण लागायचं.

केडगाव मागं टाकून पारगावच्या पुलानं पलीकडं शिरूर तालुक्यात गेलं की नदीकाठी वडगाव रासाई लागतं. तिथं आमच्या मंडळीचं एक छोटं पत्र्याचं प्रार्थनामंदिर होतं. चार-पाच घरांपुरतं. तिथल्या हंगामाच्या सणालाही ताई मला घेऊन गेल्या; फोटो काढायला पप्पू होते आणि दानिएल मिस्त्रीही बरोबर आले होते. तिथं लिलावाला एक कोकरू होतं, आणि त्याची दोरी धरून उभी होती ती आमच्यातली नव्हतीच. म्हाळसाबाई टेंगले. धनगराच्या घरची, सत्तरीकडं झुकलेली, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"तुम्ही दर वर्षी कोकरू आणता?" ताईंनी विचारलं.

"आणते की. जीव हाय तवर आणणार."

"का?"

म्हाळसाबाई मंदिराच्या पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं ते असं. ती माणसं तेव्हा मेंढरांमागं फिरायची. दिवाळी झाली की कळप कोकणाकडं निघायचा, तो पावसाच्या तोंडावर परत. एका साली निघायच्या वेळेला तिच्या भिमाजीला मुदतीचा ताप भरला. सहा-सात वर्षांचं पोर, उभं राहता येईना. आणि मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. प्रार्थनामंदिराच्या मागं सावळाराम मास्तर राहायचे, त्यांची बायको अनसाबाई. वाड्यावस्त्यांवर बायबल वाचून दाखवायची, म्हणून तिला बायबलबाई म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, पोराला इथं ठेव.

"म्या म्हणलं, बाई, ठिवते," म्हाळसाबाई म्हणाली, "पर आमचा द्येव खंडोबा हाय. रोज आंघुळ झाली की ह्यो भंडारा त्याच्या कपाळाला लावायचा. पिशवी दिली हातात. त्या व्हय म्हणल्या. मला वाटलं, म्हणत्यात व्हय, लावत्यात कशाला! तर परत आलो तवा पोरगं गुटगुटीत, पाटीवर नाव लिवतंय, आन् कपाळ पिवळं. मी दिल्याला भंडारा कवाच सरला हुता. बाईंनी जेजुरीला जाणाऱ्या गाडीवानाला सांगून दुसरा आणवला हुता, ताई. त्यांच्या द्येवाचं एक अक्षर त्यांनी माझ्या पोरावर लादलं न्हाई, आन् माझ्या द्येवाचं एक दिवस चुकवलं न्हाई."

मी ताईंकडं बघितलं. ताईंचं पेन थांबलं होतं.

परतीच्या जीपमध्ये त्या म्हणाल्या, "भंडाऱ्याचं नको लिहायला. बायबलबाईनं रोज भंडारा लावला, असं चर्चच्या वेबसाइटवर आलं तर पंच मंडळी अनसाबाईंना नावं ठेवतील. मेलेल्या बाईला कशाला बोल लावायचा?"

मलाही ते पटलं. तेव्हा तरी पटलं.

गोष्ट आली. आजारी पोर, मास्तरांचं घर, कोकरू, सगळं छान. भंडारा नाही. शेवटी हाताच्या सवयीनं आलेलं वाक्य: 'प्रभूने म्हाळसाबाईंचे जीवन बदलले.' वर फोटो. ऊन लागतं म्हणून पप्पूंनी म्हाळसाबाईला आत उभी केली होती. डोक्यावर पदर, जोडलेले हात, मागं भिंतीवर मोठा क्रूस. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ही म्हण आमच्यात काढू नये खरं तर, पण दुसरी सुचत नाही.

पुढच्या महिन्यात एका दुपारी भिमाजी टेंगले आमच्या दारात आले. तेच ते तापातून उठलेलं पोर, आता मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला शेतकरी. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून ताईंपुढं ठेवला. वेबसाइटवरची गोष्ट, फोटोसकट छापलेली.

"ताई, ह्ये तुमीच लिवलंय ना?"

"हो. काय झालं?"

भिमाजींच्या हर्षदाचं लग्न वरवंडच्या शंभू मदनेशी ठरलं होतं. मुलगा सणसवाडीला कंपनीत. आमच्या पप्पूंनी मोठ्या हौसेनं आपल्या कंपनीत सगळ्यांना वेबसाइट दाखवली होती आणि त्यातल्याच कुणीतरी हे पान छापून मदन्यांच्या घरी पोचवलं. भावकीत बोभाटा झाला की टेंगल्यांनी धर्म बदलला आणि लपवून ठेवला. साखरपुडा थांबला.

"आमी किती सांगितलं," भिमाजी म्हणाले. "पर ते म्हणत्यात, तुमच्या आयचा फोटो हाय, खाली लिवल्यालं हाय, आमी कुणाचं खरं मानायचं? पोरगी धड जेवत न्हाई. आन् आय म्हणती, माझ्या त्वांडानं नातीचं वाटुळं झालं." मग म्हणाले, "माझा तुमच्यावर राग न्हाई, ताई. त्या घरानं मला वाचवलंय."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते गेल्यावर ताई कितीतरी वेळ त्या कागदाकडं बघत बसल्या. त्यांच्या थोरलीची सोयरीक एकदा अशीच कुणाच्या तरी बोलण्यानं मोडली होती. पुढं तिचं चांगलं झालं, पण ते वर्ष आम्ही दोघींनी काढलंय. ताई म्हणाल्या, "म्हाळसाबाई जे बोलली नाही ते मी तिच्या तोंडी घातलं, आणि जे बोलली ते गाळलं. ह्याला गोष्ट लिहिणं म्हणत नाहीत."

पाळकसाहेब ऐकून गोरेमोरे झाले. "ते पान आजच काढून टाकू," म्हणाले.

"काढलं तर लोक म्हणतील, खरं होतं म्हणून काढलं," ताई म्हणाल्या. "पान काढायचं नाही, पुरं करायचं. भंडाऱ्यासकट."

"पंच मला धारेवर धरतील, ताई. अनसाबाईंच्या नावाला बट्टा लागेल."

"साहेब, अनसाबाईंनी केलं त्याची त्यांना लाज नव्हती. लाज मला वाटली. मी उद्या वरवंडला जाते. तुम्ही पानाचं काय ते ठरवा."

पाळकसाहेब म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, "नका येऊ. झगा घातलेला पाळक दारात दिसला तर उरलीसुरली शंकाही फिटेल त्यांची." म्हाळसाबाईलाही ताईंनी नेलं नाही. जिनं काहीच केलं नाही अशा बाईला खाली मान घालून बसायला न्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

वरवंडला मदन्यांचं घर हायवेपासून आत, कांद्याच्या चाळीला लागून. शंभूचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात, ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. घरातली चार माणसं भोवती. पाणी दिलं, बसा म्हणाले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण म्हातारा भांडखोर निघाला नाही.

"बाई, तुमच्या द्येवाशी आमचं वाकडं न्हाई," आबा म्हणाले. "पर सोयरीक म्हंजी चार घरांचा इचार. लगीन झालं की जोडी जेजुरीला जाती. पोरगी गडाची पायरी चढंल का न्हाई, एवढंच आमाला कळू द्या."

ताईंनी पदर सावरला. पाठ केल्यासारखं एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत. मध्येच अडखळल्या, मागं गेल्या, विसरलेलं पुन्हा सांगितलं. कळपामागं न चालता येणारं पोर, म्हाळसाबाईनं घातलेली अट, सरलेली पिशवी, जेजुरीचा गाडीवान, पिवळं कपाळ, सगळं. मग तो छापील कागद त्यांनी ओट्यावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

"आबा, एवढी ओळ माझी आहे. म्हाळसाबाई असं काही बोलल्या नाहीत. आमच्या लोकांना बरं वाटावं म्हणून मी लिहिली, आणि आमच्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून भंडारा गाळला. चूक माझी आहे. तिची शिक्षा त्या पोरीला नको."

चाळीतल्या कांद्याचा वास येत होता. आबांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला, परत ठेवला.

"त्या बाईंनी भंडारा लावला," ते म्हणाले, "तवा त्यांची माणसं काय म्हणली त्यांना?"

"कुणाला माहीतच नव्हतं. आता मी लिहिणार आहे."

"मंग आता तुमाला बोलतील."

"बोलतील."

"व्हय," आबा म्हणाले. मग विचारलं, "त्या हायेत का? मास्तरीणबाई?"

"नाही. जाऊन बरीच वर्षं झाली."

"पोरंबाळं?"

"नव्हती."

आबांनी घराच्या दाराकडं तोंड केलं. आत शंभूची आई उभी होती. "सूनबाई," ते म्हणाले, "नवरीच्या आजीला मानाचं लुगडं आपल्याकडनं जातं. ते आता दोन घ्या. भिमाजीला दोन आया हुत्या."

शंभूची आई गोंधळली. "आवं आबा, पर दुसरं द्यायचं कुणाला?"

"ह्या बाईंना विचार. त्यांच्या घरचं माणूस हाय ते."

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मीच म्हटलं, "द्या. आम्ही घेऊ." मग चहा आला, आणि साखरपुड्याची तारीख धरायला कुणीतरी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.

दौंडला आल्यावर ताईंनी रात्र पडायच्या आत गोष्ट पुन्हा लिहून काढली आणि पाळकसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्या वाचली. दोनदा वाचली. म्हणाले, "आमची आजीपण बायबलबाई होती. तिनं काय काय केलं असेल, कोण जाणे," आणि मग, "पंचांना मी बघतो." एवढ्या घाबरट मेहुण्याच्या तोंडून हे ऐकून तिथंच बसलेल्या पप्पूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवं पान लागलं. शेवटी कुठलंही वाक्य जोडलेलं नव्हतं. कोकरू लिलावात मिस्त्रींनी घेतलं, तिथंच गोष्ट थांबत होती.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. एका पंचांनी वर्षभर आम्हाला सलाम करायचं सोडलं. भगिनी मंडळात कुणीतरी म्हणालं, "उद्या चर्चमध्ये भंडारा उधळतील." मी त्यांना माझ्या पद्धतीनं उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण असंही झालं की मंडळीतली तीन-चार माणसं ताईंना गाठून म्हणाली, आमची गोष्ट काढा आणि परत लिहा, तेव्हा आम्ही नुसतं पाठ म्हटलं होतं.

लग्न वडगाव रासाईला झालं. मांडवात मानपान सुरू झाले तेव्हा आजीच्या मानाचं लुगडं पुकारलं. म्हाळसाबाई पुढं झाली, तिच्या खांद्यावर लुगडं आलं. मग शंभूच्या आईनं दुसरं उचललं, हिरवं, लाल काठाचं, आणि मोठ्यानं नाव घेतलं, "अनसाबाई सावळाराम मास्तर." त्या गावात ते नाव कितीतरी वर्षांनी कुणी घेतलं असेल. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं माना वळवून बघायला लागली. भिमाजी उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. ताई पुढं गेल्या, ओंजळीत लुगडं घेतलं, आणि म्हाळसाबाईनं त्यांना जवळ ओढून आपल्या शेजारी, नवरीच्या आजीच्या जागेवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, ताई तेच नेसून चर्चला आल्या. नऊवारी नेसायची सवय नाही, मीच नेसवलं. त्या सरळ चालत पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. उपासना संपल्यावर सलाम न करणारे ते पंच दारात आडवे आले. लुगड्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "हे काय, साधनाबाई? कुणाचं लुगडं नेसलात?"

"अनसाबाईंचं," ताई म्हणाल्या. "काल त्यांच्या नातीचं लग्न झालं."